हिरव्या रंगाचा पुरावा

मुलगी बघायला जाताना नवऱ्या मुलाच्या हाताला मेंदी असू नये, असं कुठल्याही शास्त्रात लिहिलेलं नाही. मी शोधलंय. त्यामुळे त्या रविवारी पेठ वडगावात जे झालं त्यात आमची काही चूक नव्हती, असं मी तेव्हाही म्हणत होतो आणि आजही म्हणतो. (घरात कुणी ऐकत नाही, हा भाग वेगळा.)

साल दोन हजार सात-आठ असेल. कोल्हापुरात आमचं कुंकू, गुलाल, बुक्का असल्या मालाचं दुकान. गल्ल्यावर अप्पा, म्हणजे माझे वडील. निवडणुकीचा निकाल लागायच्या आदल्या दिवशी दोन्ही पार्ट्या आमच्याकडूनच गुलालाची पोती न्यायच्या आणि अप्पा दोघांनाही सांगायचे, "तुमीच येताय बघा!" मी बी.कॉम. झालो होतो, कॉम्प्युटरचा कोर्स केला होता, आणि आपला माल इंटरनेटवर विकायचा असं माझ्या डोक्यानं घेतलं होतं. त्या काळात या एका वाक्यामुळे माझी किती स्थळं फिसकटली याचा हिशेब नाही.

"पोरगं काय करतंय?"

"इंटरनेटवर दुकान काढतोय."

"बरं. पण दुकान हाय कुठं?"

"इंटरनेटवर."

"त्येच इचारतोय की, कुठल्या पेठंत?"

इथं चहा संपायचा आणि पावणे उठायचे. अशात वडगावच्या गिरिजाचं स्थळ आलं. बी.एस्सी. केमिस्ट्री, एका साखर कारखान्याच्या लॅबमध्ये नोकरी. फोटो पाहिला आणि मी मनातल्या मनात मांडव घातला. रविवारी बघायला जायचं ठरलं. ही मुलगी हातची गेली तर मला जन्मभर इंटरनेटशीच संसार करावा लागणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

नेमकं त्याच आठवड्यात मुंबईच्या एका ऑनलाइन कंपनीचं उत्तर आलं. रंगपंचमी तोंडावर होती आणि आमचे 'नैसर्गिक रंग' त्यांना आपल्या वेबसाइटवर ठेवायचे होते. फक्त काही नियम होते. मी सायबर कॅफेतून मेलची प्रिंट काढून आणली आणि दुकानात अप्पांना मराठी करून वाचून दाखवली.

"पाकिटावर लिहायचं, रंग डोळ्यांत, नाकात, तोंडात जाऊ देऊ नये."

"मग लावायचा कुठं? पाठीवर?"

"लहान मुलांपासून दूर ठेवावा."

"आणि रंगपंचमी कोण खेळणार? पेन्शनर?"

"रंगात काय काय घातलंय ते सगळं लिहून द्यायचं."

अप्पा गल्ल्यावरून उठून उभे राहिले. आमच्या हिरव्या रंगात काय असतं हे अप्पांनी स्वतःच्या बायकोलाही सांगितलं नव्हतं. दुकानाच्या मागच्या खोलीचं दार लावून ते एकटेच तो रंग कालवायचे.

"मुंबईवाल्याला सांगू? आज त्येला सांगितलं की उद्या त्यो माझ्या दारात रंग इकायला बसंल! पुढं वाच."

"त्वचेला अपाय होत नाही याचा पुरावा पाठवायचा. लॅबचा रिपोर्ट."

"लॅब कशाला? आपली कातडी मेलीया काय? आमी लावून दाखिवतो! फोटू काढ आणि धाड त्यास्नी!"

मी अप्पांना थांबवायला हवं होतं असं आता लोक म्हणतात. ज्यांनी अप्पांना कधी थांबवून पाहिलं नाही, तेच असं म्हणतात.

शनिवारी दुपारी दुकान बंद करून प्रयोग सुरू झाला. अप्पा मागच्या खोलीतून हिरव्या रंगाची परात घेऊन आले. कोरडा रंग लावला की झटकला जातो, तो कसला पुरावा? म्हणून त्यांनी त्यात पाणी ओतून त्याचा लगदा केला. फोटोत फिका दिसू नये म्हणून पुन्हा आत जाऊन डब्यातलं काहीतरी मूठभर आणून वर घातलं. अव्वानं (म्हणजे आईनं, तिचं माहेर सीमेपलीकडचं) परातीवर नाक नेलं.

"वास वळखीचा वाटतोय वो."

"निसर्गाचा वास हाय. गप हात फुडं कर."

अव्वाच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत रंग लागला. अप्पांनी स्वतःच्या कपाळाला आणि पांढऱ्याशुभ्र मिशीला चोपडला. मग माझी पाळी. माझे दोन्ही तळहात भरले. चेहऱ्यावर सगळीकडे लावला तर माणूस ओळखू येणार नाही आणि पुरावा कच्चा राहील, म्हणून अप्पांनी आपले दोन्ही पंजे लगद्यात बुडवले आणि माझ्या दोन्ही गालांवर एकेक उमटवला.

"आता हलायचं न्हाय. जितकं ज्यादा ठिवू तितका पुरावा पक्का!"

आम्ही तिघं ओळीनं बसलो. ऊन उतरलं, लगदा वाळला, गालाला तडे गेल्यासारखं वाटायला लागलं. शेजारच्या फोटो स्टुडिओवाल्यानं फोटो काढले आणि "कुठल्या नाटकात हाय?" असं विचारून गेला. संध्याकाळी आम्ही मोरीवर जाऊन तोंड धुतलं.

हिरवा रंग गेला. अगदी स्वच्छ गेला! आणि त्याच्या खालून नारिंगी निघाला.

"ह्यो कुठला?" मी आरशासमोर ओरडलो.

"त्यो बी जाईल. साबण लाव," अप्पा म्हणाले. त्यांची मिशी गाजराच्या हलव्यासारखी दिसत होती.

अंगाचा साबण झाला, कपड्याचा झाला, भांड्याची पावडर झाली. रंग तिथंच. तेवढ्यात अप्पांना आठवलं की लिंबानं कसलाही डाग निघतो. त्यांनी चार लिंबं कापली आणि माझे गाल आणि तळहात खसाखसा घासले. मी आरशात पाहिलं तर नारिंगीचा लाल झालेला! अव्वा आपल्या हातांकडे बघत मोरीच्या कडेला बसली होती, ती ताडकन उठली.

"अय्यो शिवने! लिंबू लावल्यावर रंग चढतोय? आवो, ही मेंदी हाय! तुमी हिरव्या रंगात मेंदी घालताय?"

अप्पा लिंबाच्या साली गोळा करायला लागले. आमच्या घराण्याचं धंद्याचं गुपित अशा रीतीनं मोरीत फुटलं.

"मेंदी म्हंजे काय केमिकल हाय व्हय?" शेवटी अप्पांनी आवाज चढवला. "झाडाचा पाला हाय! कोरडा उडवला तर काय बी करत न्हाय! एवढी वर्सं इकतोय, एक तरी गिऱ्हाईक आलं का तक्रार घिऊन?"

"गिऱ्हाईक लगदा करून दुपारभर बसतंय व्हय?" अव्वा म्हणाली.

आता तुम्ही माझं रूप डोळ्यांसमोर आणा. तळहात लालभडक, नवरीचे असतात तसे. आणि दोन्ही गालांवर पाच-पाच बोटं, कुणीतरी जीव खाऊन थोबाडात मारावी तशी, तीही दोन्ही बाजूंनी! मी म्हणालो, "अप्पा, उद्याचं पुढं ढकलूया."

"का? चोरी केलीया? आज आपुन मागं सरलो तर उद्या गावात हुईल, ह्यांच्या रंगात खोट हाय. जायाचं म्हंजे जायाचं! आणि ताठ मानंनं!"

मान ताठ ठेवली की गाल जास्त दिसतात, पण हे सांगायची सोय नव्हती.

रविवारी सकाळी एस.टी.नं निघालो. कंडक्टरनं मला तिकीट देताना माझ्या हाताकडे पाहिलं, मग गालाकडे पाहिलं, आणि हळूच म्हणाला, "भावा, आजच लगीन आणि आजच भांडान?" पुढच्या सीटवरच्या एका बाईनं अव्वाचे कोपरापर्यंत रंगलेले हात पाहून विचारलं, "लेकीचं कार्य हाय जणू?" अव्वा म्हणाली, "न्हाय, लेकासाठी पोरगी बघायला चाललोय." त्यावर ती बाई उतरेपर्यंत मागं वळून वळून बघत होती.

गिरिजाचे वडील हायस्कुलाचे हेडमास्तर म्हणून रिटायर झालेले. डोक्यावर एक केस नाही. गावात त्यांना सगळे हेडसर म्हणायचे आणि ते म्हणतील ती पूर्व दिशा मानायचे. "शरणु शरणार्थी!" म्हणत त्यांनी दारात हात जोडले आणि आमच्याकडे नीट पाहिल्यावर ते तसेच जोडून ठेवले. आम्ही आत बसलो. पंखा फिरत होता. त्यांची पत्नी पडद्याआडून बघत होती आणि पडदा हलत होता.

"पावणं, एक इचारू?" हेडसर म्हणाले.

"इचारा की."

"नवरदेवाचं लगीन झालंय का आधी?"

"छ्या! काय बोलताय?"

"न्हाय, मेंदी दिसतीय म्हणून म्हटलं. आणि..." त्यांनी माझ्या गालांकडे बोट केलं. "ह्ये कुणी केलंय?"

"मीच," अप्पा छाती काढून म्हणाले.

"पोराला मारताय?"

"मारलं न्हाय! लावलंय!"

मग अप्पांनी सगळी हकिकत सांगितली. मुंबईची कंपनी, त्यांचे नियम, पुरावा, परात. सांगता सांगता त्यांचा आवाज इतका चढला की शेजारची माणसं अंगणात येऊन उभी राहिली. हेडसरांनी सगळं ऐकलं, चष्मा पुसला, आणि वर्गात सगळ्यात मागच्या बाकावरच्याला उभं करावं तसे अप्पांकडे वळले.

"म्हंजे तुमचा रंग जात न्हाय."

"जातोय की! निसर्गाचा हाय, निसर्गानं जाणार."

"कवा?"

"त्येच्या सवडीनं!"

"म्हंजे कंपनीचा नियम बरोबर हाय. असला माल बाजारात आणायच्या आधी तपासायलाच पायजे."

झालं! कोल्हापूरच्या माणसाला तुम्ही काय वाटेल ते बोला, पण त्याच्या मालाला नाव ठेवून त्याच्याच तोंडावर दुसऱ्याचं बरोबर म्हणू नका. तिथून पुढे जे होतं त्याला आमच्याकडे ईर्षा म्हणतात, आणि ईर्षेत माणूस स्वतःचं घर पणाला लावतो. अप्पांनी खिशात हात घालून हिरव्या रंगाचं पाकीट काढलं. (व्यापारी माणूस, मुलगी बघायला जाताना पण सॅम्पल घेऊन निघालेला!)

"आमी दुपारभर ठिवला म्हणून चढला. अर्धा तास ठिवा, डाग राहिला तर तुमी म्हणाल त्ये!"

"अर्धा तास?" हेडसर उठून उभे राहिले. "आवो, मी दोन तास ठिवतो! डाग पडतोय म्हंजे पडतोयच! लावा!"

"कुठं लावू?"

हेडसरांनी बाणेदारपणे डोकं पुढं केलं. "सगळ्यास्नी दिसंल आसं लावा!"

मी "अप्पा, नको!" म्हणालो. पडद्याआडून "आवो, नको!" आलं. अव्वा "शिवने!" म्हणाली. अप्पांनी पाण्याच्या तांब्यात पाकीट रिकामं केलं, बोटानं ढवळलं आणि माझ्या होणाऱ्या सासऱ्यांच्या (होणाऱ्या, असं मला अजून वाटत होतं!) तुळतुळीत टकलावर लगदा चोपडला. अंगणातल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. एकजण मोठ्यानं म्हणाला, "हेडसर, मागं हटायचं न्हाय!"

अशा वेळी पोह्यांचा ट्रे घेऊन गिरिजा बाहेर आली.

तिनं आधी वडिलांचं हिरवं डोकं पाहिलं. मग अप्पांची नारिंगी मिशी पाहिली. मग माझे गाल पाहिले. मी हात मांड्यांखाली लपवले, तर ते बसल्या जागी अडकून बसले आणि पोहे घ्यायला बाहेर काढता येईनात. मला पृथ्वीनं पोटात घ्यावं असं वाटलं. कारण समोरासमोर ती फोटोपेक्षा देखणी होती, आणि माझा अवतार असा की मी स्वतःची मुलगी मला दिली नसती.

"बाबा, मेंदी हाय ती," ती वास घेऊन म्हणाली. "आधी धुवा."

"तू गप! ईर्षा लागलीया!"

"आवो पण उद्या तुमचा शाळेत सत्कार हाय न्हवं?"

हेडसरांचा चेहरा क्षणभर पडला. मग त्यांनी अप्पांकडे पाहिलं. अप्पा गालातल्या गालात हसत होते. हेडसर पुन्हा ताठ बसले. "सत्कार डोक्याचा न्हाय, सेवेचा हाय!"

आता दोन तास काढायचे होते. पोहे झाले, चहा झाला, पुन्हा चहा झाला. दोघं एकमेकांसमोर पैलवानांसारखे बसले होते. शेवटी गिरिजाची आई पदर सावरत म्हणाली, "पोरास्नी जरा बोलू द्या तरी." आणि आम्हा दोघांना गच्चीवर पाठवलं.

गच्चीवर वाळवणं घातली होती. मी दहा वाक्यं पाठ करून आलो होतो, ती सगळी विसरलो.

"तुमचं दुकान इंटरनेटवर म्हंजे कुठं?" हा प्रश्न येणार म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. तिनं तो विचारलाच नाही.

"ही चाचणी कुणी सांगितली अशी करायला?"

"अप्पांनी."

"आणि तुमी बसला?"

"बसलो."

"दोन्ही गालांना, एकदम, दुपारभर?"

"पुरावा पक्का पायजे म्हणून..." माझा आवाज मलाच ऐकू येईना. पण मग मला एकदम राग आला. आठवडाभर सगळे बोलत होते आणि मी ऐकत होतो. "हे बघा, आमचा रंग चांगलाच हाय! आमच्यात केमिकल न्हाय! बाकीचे काय काय घालून इकत्यात आणि त्यास्नी कुणी इचारत न्हाय. आमी निदान स्वतःच्या थोबाडावर लावून बघितलं! आणि त्या थोबाडानं तुमच्या दारात आलो! लाज वाटली, पण आलो!"

एवढं मी आयुष्यात कुणाला सलग बोललो नव्हतो. ती वाळवणातल्या मिरच्या उगाचच सारख्या करत म्हणाली, "नियमाचा राग धरू नका. नियम रंगाला शिव्या द्यायला नसतोय, अंगाला लावणाऱ्यासाठी असतोय. आधी हाताच्या आतल्या बाजूला जराशा जागेवर लावायचं. एक दिवस थांबायचं. खाज न्हाय, पुरळ न्हाय, मग पुढं जायचं. सगळं तोंड पहिल्याच झटक्यात पुढं करायचं नसतंय."

"मग माझं काय?" मी विचारलं. कुठून धीर आला कुणास ठाऊक.

"तुमचं बी तसंच. आज जरासे बघितलेत. उद्या ह्याच टायमाला फोन करते."

खालून आरोळी आली. आम्ही धावत उतरलो. मोरीत हेडसरांनी डोक्यावर तांब्या ओतला होता आणि त्यांचं टक्कल नुकत्याच उतरवलेल्या संत्र्यासारखं उजळलं होतं. मला वाटलं, संपलं. उठा आणि एस.टी. गाठा. पण हेडसर आरशात बघून नाचायचेच तेवढे बाकी होते!

"लागला! डाग लागला! पावणं, हरला तुमी!"

"हरलो," अप्पा म्हणाले. त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. पण लगेच पुढं, "रंग चढला मातूर झकास! ह्ये तरी कबूल करा!"

हेडसरांनी डोकं डावीकडे वळवलं, उजवीकडे वळवलं. "त्ये कबूल."

दुसऱ्या दिवशी ते तसेच सत्काराला गेले आणि 'निसर्ग आणि विज्ञान' या विषयावर तासभर बोलले, असं नंतर कळलं. मी मात्र सकाळपासून दुकानातल्या फोनसमोर बसलो होतो. मध्येच फोन वाजला तर मुंबईची कंपनी! स्टुडिओवाल्यानं शनिवारीच मेल केलेले आमचे फोटो पाहून त्यांचा माणूस इतका घाबरला होता की तो अप्पांना आधी डॉक्टरकडे जायला सांगत होता. अप्पांनी त्याला दोन शब्द सुनावले आणि फोन ठेवून दिला. मी अप्पांना फोनपासून लांब बसवलं. दुपार झाली. मी माझ्या हातांकडे बघत होतो आणि पहिल्यांदाच देवाकडे काहीतरी मागत होतो, तेही लाल हात जोडून.

फोन वाजला.

"खाज न्हाय, पुरळ न्हाय," गिरिजा म्हणाली. "चालंल."

"रंगाचं बोलताय की माझं?"

"दोघांचं. रंगाची रीतसर तपासणी मी करून आणते. पाकिटावर 'ओला करून ठेवू नये' एवढं छापा, आणि आत काय काय घातलंय ते बी लिहा. अप्पा न्हाय म्हणतील, त्यास्नी सांगा, हरलाय तुमी."

"आणि माझ्यावर काय छापायचं?"

"त्ये लग्नानंतर ठरवू."

लग्न झालं. तपासणी झाली. रंग वेबसाइटवर लागला आणि पाकिटावर अप्पांच्या गुपिताची जाहीर छपाई झाली. अप्पा ते पाकीट अजून उलटं करून ठेवतात. माझ्यावरच्या सूचनाही गिरिजानं ठरवल्या आणि आल्यागेल्यासमोर ती त्या तोंडपाठ म्हणते. उन्हात ठेवू नये. एकट्यावर दुकान सोपवू नये. अप्पांच्या संपर्कात फार वेळ राहू देऊ नये. हे सगळं मी मानत नाही, मी स्वाभिमानी माणूस आहे! फक्त आणखी एका सूचनेपुढे माझं काही चालत नाही, कारण ती रोज सकाळी मी पांघरुणात असतानाच अमलात येते: 'वापरण्यापूर्वी चांगलं हलवून घ्यावं.'